कंठमणी न्यूनीकरण शस्त्रक्रिया

गळ्याच्या पुढील बाजूस मध्यरेषेवर दिसणारा उंचवटा, म्हणजेच कंठमणी, कमी करण्यासाठी स्वरयंत्राच्या अवटू उपास्थीचा (कूर्चेचा) वरील पुढे आलेला भाग कापून किंवा घासून काढण्याची शस्त्रक्रिया. ही मुख्यतः पारलिंगी स्त्रियांवर, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेल्या परंतु स्वतःची ओळख स्त्री अशी असणाऱ्या व्यक्तींवर, करण्यात येते. कंठमणी विशेष ठळक असलेल्या इतर स्त्रिया व क्वचित पुरुषही ती करून घेतात. शस्त्रक्रियेचा हेतू गळ्याचे बाह्य रूप बदलणे एवढाच असतो. आवाज बदलणे हा तिचा हेतू नाही. तथापि ज्या उपास्थीवर ती केली जाते त्याच उपास्थीच्या आतील बाजूस स्वरतंतू जोडलेले असल्यामुळे या शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा विचार बाह्य रूप आणि आवाज या दोहोंच्या संदर्भात करावा लागतो.

कंठमण्यास मराठीत घाटी असेही म्हणतात. आदमाने खाल्लेल्या निषिद्ध फळाचा तुकडा त्याच्या घशात अडकला, या पाश्चात्त्य लोकसमजुतीवरून यूरोपीय भाषांत त्याला ‘आदमाचे सफरचंद’ या अर्थाची नावे मिळाली आहेत. प्रस्तुत शस्त्रक्रियेस बोलण्यात ‘ट्रॅकिअल शेव्ह’ असे म्हटले जाते. या नावामुळे श्वासनलिका तासली जाते असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात श्वासनलिका स्वरयंत्राच्या खाली असते व तिला या शस्त्रक्रियेत हात लावला जात नाही.

शारीर : स्वरयंत्राचा सांगाडा अनेक उपास्थींचा बनलेला असतो. त्यांपैकी अवटू उपास्थी सर्वांत मोठी असून तिचे डावे व उजवे असे दोन चपटे पत्रे गळ्याच्या मध्यरेषेवर एकमेकांस मिळतात. एखादे पुस्तक अर्धवट उघडून त्याचा कणा पुढे ठेवल्यास जसे दिसेल तशी ही रचना असते. दोन्ही पत्र्यांच्या वरील कडा मध्यरेषेपाशी खाली उतरल्यामुळे तेथे एक खाच तयार होते. या खाचेच्या लगतचा भाग सर्वांत पुढे आलेला असतो आणि त्वचेवरून तोच कंठमणी म्हणून दिसतो व हाताला लागतो. अन्न गिळताना संपूर्ण स्वरयंत्र वर उचलले जाते, म्हणून कंठमणी वरखाली हलताना दिसतो.

बालपणी मुलगा व मुलगी यांच्या स्वरयंत्रांत फारसा फरक नसतो. यौवनागमनानंतर वृषणांतून स्रवणाऱ्या टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाच्या प्रभावाने मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, अवटू उपास्थीचे पत्रे पुढे येतात आणि स्वरतंतू लांब व जाड होतात. यालाच कंठ फुटणे असे म्हणतात. प्रौढ पुरुषात दोन पत्र्यांमधील कोन सु. 90° व स्त्रीत सु. 120° असतो. कोन जितका लहान तितका उंचवटा टोकदार दिसतो. पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी सर्वसाधारणपणे 17 ते 21 मिमी. आणि स्त्रीच्या स्वरतंतूंची 11 ते 15 मिमी. असते. म्हणूनच बोलण्याच्या आवाजाची मूलभूत कंप्रता पुरुषात सेकंदाला सु. 100 ते 130 आणि स्त्रीत सु. 190 ते 220 कंपने अशी आढळते. कंठमणी आणि खर्जातील आवाज ही एकाच वाढीची दोन फळे होत, परंतु कंठमण्याच्या ठळकपणावरून एखाद्याच्या आवाजाची तारता (उंची) ठरत नाही.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने उपास्थीची आतील बाजू अधिक महत्त्वाची आहे. खाचेच्या किंचित खाली, मध्यरेषेवर, एपिग्लॉटिस या पानाच्या आकाराच्या झाकणीचा देठ एका बंधाने उपास्थीस जोडलेला असतो. गिळताना अन्न श्वासमार्गात जाऊ नये म्हणून ही झाकणी उपयोगी पडते. तिच्या देठाच्या खाली दोन्ही स्वरतंतूंची पुढील टोके एकत्र येऊन उपास्थीस चिकटतात. या जागेस स्वरतंतूंचा अग्रसंयोग म्हणतात. येथे एक लहान पण बळकट कंडरा असते. ई. एन्. ब्रॉइल्स यांनी 1943 मध्ये तिचे वर्णन केले व ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. खाचेच्या तळापासून उपास्थीच्या खालच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर हा अग्रसंयोग असतो. प्रौढ पुरुषात हे सर्व अंतर सु. 2 सेंमी. किंवा त्याहून कमी भरते. याचा अर्थ, शस्त्रवैद्यास काम करण्यासाठी मध्यरेषेवर जेमतेम 1 सेंमी. उंचीचा पट्टा मिळतो आणि त्यातीलही खालचा काही भाग सुरक्षिततेसाठी राखून ठेवावा लागतो. मध्यावरचे हे स्थान व्यक्तीपरत्वे काहीसे वरखाली असते, ही अडचण त्यात आणखी भर घालते.

आवश्यकता : पारलिंगी स्त्रियांना देण्यात येणाऱ्या ईस्ट्रोजेनामुळे त्वचा, मेदाची शरीरातील वाटणी, स्तनांची वाढ इत्यादींत बदल होतात. परंतु एकदा वाढलेली उपास्थी त्यामुळे लहान होत नाही व लांबलेले स्वरतंतू आखूड होत नाहीत. ज्यांचे यौवनागमन औषधांच्या साहाय्याने सुरुवातीसच थोपविले गेले असेल, त्यांच्यात मात्र हा उंचवटा बहुधा तयारच होत नाही. इतरांच्या बाबतीत कंठमणी कमी करण्यास शस्त्रक्रियेखेरीज उपाय नाही.

हा उंचवटा आकाराने लहान असला तरी त्याचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. चेहऱ्याच्या खालोखाल गळा हा सतत उघडा राहणारा भाग असून कंठमणी हे पुरुषत्वाचे चिन्ह मानले जाते. पारलिंगी स्त्रीला त्यामुळे स्वतःच्या शरीराविषयी सततची अस्वस्थता वाटू शकते. तसेच अनोळखी लोकांत वावरताना ओळख उघड होऊन अवहेलना किंवा हिंसा वाट्यास येण्याची भीतीही असते. अनेकजणी उन्हाळ्यातही गळा ओढणीने वा गळपट्ट्याने झाकून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (1 जानेवारी 2022 पासून लागू) लिंगभावातील विसंगती ही मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घालण्यात आली. पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यासंबंधीच्या जागतिक व्यावसायिक संघटनेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारमानकांच्या आठव्या आवृत्तीत चेहरा व गळा यांवरील ज्या शस्त्रक्रियांचा निर्देश आहे, त्यांत प्रस्तुत शस्त्रक्रियेचाही समावेश आहे. प्रत्येक पारलिंगी स्त्रीला ती हवी असते असे नाही. काहींचा कंठमणी मुळातच दिसत नाही, तर काहींना तो खटकत नाही.

इतिहास : केवळ रूपासाठी अवटू उपास्थी कमी करण्याच्या तंत्राचे वर्णन एफ्. जी. वुलफर्ट व आर्. जी. पॅरी या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केले. वुलफर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये याच विषयावर पुन्हा लेखन केले. दरम्यान 1980 नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील डी. के. औस्टरहाउट यांनी कपाळ, नाक, हनुवटी व जबडा यांची ठेवण स्त्रीसदृश करण्याच्या शस्त्रक्रियांचा पद्धतशीर विकास केला. कंठमण्याची शस्त्रक्रिया अनेकदा या मालिकेचा एक भाग म्हणून होऊ लागली.

आरंभीच्या काळात किती उपास्थी काढावी हे बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरून व शस्त्रवैद्याच्या अनुभवावरून ठरविले जाई. अग्रसंयोगाची नेमकी जागा शस्त्रक्रिया चालू असतानाच पाहावी, हा विचार पुढे बळावला. के. कॉनराड व ए. योस्कोविच यांनी 2003 मध्ये अंतर्दर्शकाच्या साहाय्याने करावयाच्या शस्त्रक्रियेचे, तर जे. एच्. स्पीगेल व जी. रॉड्रिगेझ यांनी 2008 मध्ये लवचिक तंतु-अंतर्दर्शक आणि स्वरयंत्रावर बसणारा श्वसन-मुखवटा यांचा उपयोग करणाऱ्या पद्धतीचे वर्णन केले. अलीकडे खालच्या ओठाच्या आतून मार्ग काढून, गळ्यावर मुळीच छेद न घेता ही शस्त्रक्रिया करण्याचेही प्रयत्न झाले आहेत.

पूर्वतपासणी : गळा समोरून व बाजूने पाहून, बोटांनी चाचपून आणि गिळावयास सांगून उंचवट्याचा आकार ठरवितात. अंतर्दर्शकाने स्वरतंतूंची हालचाल पाहिली जाते. आधीपासून असलेला स्वरतंतूंचा दोष नंतर शस्त्रक्रियेच्या माथी मारला जाऊ नये, हाही यामागील एक हेतू असतो. त्याच कारणास्तव शस्त्रक्रियेपूर्वी आवाजाचे ध्वनिमुद्रण व त्याच्या कंप्रतेचे मापन करून ठेवणे हितावह असते. वय हा विचारात घेण्याजोगा घटक आहे. अवटू उपास्थीचे अस्थीभवन (हाडात रूपांतर) विशीच्या सुमारास सुरू होते व वयाबरोबर वाढत जाते. तरुण व्यक्तीची उपास्थी चाकूने कापली जाते. प्रौढ व्यक्तीत मात्र ती हाडासारखी कठीण झालेली असल्यामुळे फिरत्या घर्षणयंत्राने घासावी लागते आणि कापताना तिला तडा जाण्याचा संभव असतो. आवश्यक वाटल्यास संगणकीकृत छेदचित्रणाने अस्थीभवनाचे प्रमाण अजमावतात.

या टप्प्यावर शस्त्रक्रियेच्या मर्यादा संबंधित व्यक्तीस समजावून सांगणे अत्यंत आवश्यक असते. आवाज बारीक होणार नाही, गळा पूर्णपणे सपाट होईलच असे नाही आणि सुरक्षिततेसाठी थोडा उंचवटा मुद्दाम ठेवावा लागेल, या तीन गोष्टींची कल्पना आधी दिली नसल्यास तांत्रिक दृष्ट्या उत्तम झालेली शस्त्रक्रियाही निराशाजनक वाटते.

पद्धती : शस्त्रक्रिया स्थानिक बधिरता व गुंगी आणणारी औषधे देऊन किंवा संपूर्ण शुद्धिहरण करून करतात. पहिल्या प्रकारात मधूनमधून बोलावयास सांगून आवाज ठीक आहे ना याची खात्री करता येते. दुसऱ्या प्रकारात श्वासनलिकेत नळी घातल्यास ती स्वरतंतूंमधून जात असल्याने अग्रसंयोग नीट दिसत नाही. म्हणून स्वरयंत्राच्या वर बसणारा मुखवटा वापरतात व त्यातूनच अंतर्दर्शक आत सोडतात.

छेद 2 ते 3 सेंमी. लांबीचा व आडवा असतो. तो थेट कंठमण्यावर न घेता हनुवटीखालील घडीत किंवा गळ्याच्या वरच्या सुरकुतीत घेतात. कंठमण्यावर छेद घेतल्यास वण उपास्थीस चिकटतो आणि गिळताना त्वचा आत ओढली जाते. जी खूण पुसावयाची तिच्याच जागी दुसरी खूण निर्माण होते. त्वचेखालील थर दूर केल्यावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस असलेले पट्ट्यांसारखे स्नायू न कापता फक्त बाजूस सारतात. उपास्थीवरील पातळ आवरणास चीर देऊन ते बाहेरील व आतील बाजूंनी सोडवितात. काम मध्यरेषेलगत राहत असल्याने दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंत्रिकांना (मज्जांना) सहसा धोका नसतो.

यानंतरचा टप्पा निर्णायक असतो. मध्यरेषेवर बाहेरून एक बारीक सुई उपास्थीतून आरपार घालतात आणि तिचे टोक स्वरयंत्राच्या आत कोठे निघते ते अंतर्दर्शकातून पाहतात. टोक स्वरतंतूंच्या पातळीवर वा खाली दिसल्यास सुई काढून थोडी वर घालतात. अग्रसंयोगाच्या निश्चितपणे वर टोक आले म्हणजे त्या पातळीवर उपास्थीच्या बाहेरून खूण करतात. त्या खुणेच्या वरचाच भाग काढला जातो. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडा उतरत्या करून, राहिलेली कड घासून गुळगुळीत करतात. त्यामुळे त्वचेखाली टोके वा पायऱ्या जाणवत नाहीत. शेवटी आवरण व स्नायू मध्यरेषेवर पुन्हा जोडून त्वचा बारीक टाक्यांनी शिवतात. स्नायूंचा थर नीट जोडला गेल्यास त्वचा व उपास्थी यांमध्ये पडदा राहतो व त्या एकमेकींस चिकटत नाहीत.

मुखमार्गी पद्धतीत गळ्यावर वण राहत नाही, हा तिचा मुख्य गुण होय. उलटपक्षी तीत तोंडातील सूक्ष्मजंतूंमुळे संक्रामणाचा, तसेच हनुवटीच्या तंत्रिकेला ताण बसून ओठ व हनुवटी बधिर होण्याचा संभव असतो. तिला वेळ अधिक लागतो आणि विशेष साधने व सराव यांचीही आवश्यकता असते.

फलिते : बाह्य रूप. योग्य व्यक्तींची निवड करून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य व्यक्ती आपल्या गळ्याच्या रूपाविषयी समाधानी असल्याचे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांवरून दिसते. पहिल्या काही आठवड्यांत सूज असल्याने उंचवटा कमी झाला नाही असा भास होतो. खरा आकार काही महिन्यांनी दिसू लागतो. वण फिकट होण्यास बहुधा एक वर्षापर्यंतचा काळ लागतो. फलित केवळ काढलेल्या उपास्थीच्या प्रमाणावर अवलंबून नसते. गळा सडपातळ असल्यास राहिलेली लहानशी कडही मान मागे करताना किंवा गिळताना दिसते. त्वचेखाली मेदाचा थर पुरेसा असल्यास तेवढाच उरलेला भाग झाकला जातो. समोर पाहताना व बोलताना उंचवटा लक्षात न येणे, हे वास्तववादी उद्दिष्ट होय.

उपास्थी कमी प्रमाणात काढली गेल्यास फेरशस्त्रक्रिया करता येते. मात्र पहिल्या शस्त्रक्रियेमुळे थर एकमेकांस चिकटलेले असतात व खुणा पुसट झालेल्या असतात, म्हणून ती अधिक जिकिरीची ठरते. अधिक प्रमाणात काढलेली उपास्थी मात्र परत मिळत नाही.

आवाज. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ते काही आठवडे आवाज घोगरा वा अशक्त होणे सर्रास आढळते. सूज उतरल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो. अग्रसंयोग अबाधित राहिल्यास कायमचा बदल अपेक्षित नसतो. अग्रसंयोगाचे स्थान अंतर्दर्शकाने निश्चित करून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर कायमचा स्वरदोष विरळाच नोंदविला गेला आहे.

अग्रसंयोग उपास्थीपासून सुटल्यास मात्र परिणाम गंभीर होतो. तारेच्या वाद्याची खुंटी निखळावी त्याप्रमाणे स्वरतंतूंचा ताण जातो. ते सैल पडतात, आवाज घोगरा व श्वासमिश्रित होतो आणि त्याची तारता खाली येते. म्हणजे त्या व्यक्तीस हव्या असलेल्या दिशेच्या अगदी उलट बदल घडतो. अनेक पारलिंगी स्त्रियांनी दीर्घकाळ सराव करून बोलण्याची एक पद्धती साध्य केलेली असते. गळ्याचा उंचवटा ओढणीने झाकता येतो, पण बोललेला आवाज झाकता येत नाही. सुटलेला अग्रसंयोग पुन्हा जागेवर बसविण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, परंतु पूर्वीचा आवाज पूर्णपणे परत येईल अशी खात्री देता येत नाही. एपिग्लॉटिसचा देठ सुटला तर ती झाकणी मागे कलते व त्यामुळे आवाज, गिळणे किंवा श्वसन यांत अडथळा येऊ शकतो. म्हणूनच मध्यरेषेवर काही मिमी. उपास्थी जास्त ठेवून किंचित उंचवटा पत्करणे, हे धोका पत्करून गळा सपाट करण्यापेक्षा श्रेयस्कर समजले जाते.

मनःस्थिती व सामाजिक व्यवहार. गळ्याविषयीची सततची जाणीव कमी होणे, गळा न झाकता वावरता येणे आणि छायाचित्रे काढून घेण्याचा संकोच जाणे, अशा स्वरूपाचा लाभ शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्ती सांगतात. शस्त्रक्रियेचा आकार व तिच्यामुळे होणारा त्रास यांच्या मानाने हा लाभ मोठा आहे. तथापि इतरांकडून स्त्री म्हणून ओळखले जाणे हे चेहऱ्याची ठेवण, केशरचना, आवाज, हालचाली व पोशाख या सर्वांवर अवलंबून असते. एकट्या कंठमण्याच्या शस्त्रक्रियेने ते साधेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

उपद्रव व नंतरची काळजी : गिळताना दुखणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे आणि छेदाच्या आसपास बधिरता हे त्रास सामान्यतः तात्पुरते असतात. छेदात रक्त साचणे, संक्रामण, जाड वण आणि त्वचा उपास्थीस चिकटणे हे उपद्रव कमी प्रमाणात आढळतात. यांपैकी रक्त साचणे दुर्मिळ असले तरी सर्वांत तातडीचे होय. गळ्यातील बंदिस्त जागेत साचलेल्या रक्ताचा दाब श्वासमार्गावर पडू शकतो. गळ्याची सूज झपाट्याने वाढत असल्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होत असल्यास तत्काळ रुग्णालयात जावे लागते.

पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. काही दिवस मऊ आहार घेणे, डोके उंच ठेवून झोपणे, ओरडणे व जड वस्तू उचलणे टाळणे आणि आवाजास विश्रांती देणे इष्ट असते. कुजबुजल्याने स्वरयंत्रावर ताण पडू शकतो, म्हणून कुजबुजण्याऐवजी मौन पाळणे बरे. धूम्रपान जखम भरून येण्यास बाधक असल्याने ते आधीपासूनच बंद करावे लागते. घोगरेपणा काही आठवड्यांनंतरही टिकल्यास स्वरयंत्राची अंतर्दर्शकाने पुन्हा तपासणी आवश्यक ठरते.

आवाजावरील उपचारांशी संबंध : आवाज स्त्रीसदृश करण्याचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. त्यांत वाचोपचारतज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तारता, स्वराचा अनुनाद, चढउतार व उच्चारण यांचा सराव करणे यास प्रथम स्थान आहे. त्याने भागत नसल्यास तारता वाढविणाऱ्या शस्त्रक्रियांचा विचार होतो. जपानमधील क्योटो येथील नोबुहिको इशिकी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या स्वरयंत्र शस्त्रक्रियांच्या चार प्रकारांपैकी चौथ्या प्रकारात अवटू व तिच्या खालची मुद्रिका या दोन उपास्थी जवळ आणून स्वरतंतूंचा ताण वाढवितात. वेंडलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत स्वरतंतूंची पुढील टोके परस्परांस शिवून त्यांची कंप पावणारी लांबी कमी करतात. थायलंडमधील एस्. कुनाचक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये अवटू उपास्थीचा पुढील भाग आणि त्याबरोबर स्वरतंतूंचा काही अंश काढून कंठमणी व आवाज या दोहोंत एकाच वेळी बदल घडविणारी शस्त्रक्रिया वर्णन केली. तिची व्याप्ती व जोखीम प्रस्तुत शस्त्रक्रियेहून बरीच अधिक आहे. ज्यांना गळा व आवाज या दोहोंवर शस्त्रक्रिया करावयाची आहे, त्यांनी दोहोंचा क्रम व त्यांमधील अंतर आधीच ठरविणे हिताचे असते, कारण एका शस्त्रक्रियेने निर्माण झालेला वण व सूज दुसरीच्या फलितावर परिणाम करू शकतात. [→ स्वरयंत्र].

मूल्यमापनातील अडचणी : या शस्त्रक्रियेविषयीचे बरेचसे ज्ञान एकेका शस्त्रवैद्याने किंवा रुग्णालयाने आपल्या व्यक्तींविषयी प्रसिद्ध केलेल्या लहान वृत्तांतांवर आधारलेले आहे. त्यांतील व्यक्तींची संख्या व नंतरच्या देखरेखीचा काळ अनेकदा मर्यादित असतो. दूरवरून येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्ती पुन्हा तपासणीस येतातच असे नाही. कंठमण्याची उंची मोजण्याची सर्वमान्य पद्धती नाही आणि समाधान अजमावण्याच्या प्रश्नावल्याही निरनिराळ्या आहेत. हीच शस्त्रक्रिया चेहऱ्यावरील इतर शस्त्रक्रियांबरोबर झाली असल्यास तिचा स्वतंत्र परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. आवाजासंबंधी ‘बदल झाला नाही’ असे तोंडी उत्तर आणि शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर केलेले ध्वनिमापन यांचे मोल सारखे नाही. म्हणून रूपासाठी ठरावीक कोनांतून घेतलेली छायाचित्रे, आवाजासाठी दोन्ही वेळचे ध्वनिमुद्रण आणि व्यक्तीचा स्वतःचा अभिप्राय या तिन्हींची नोंद करणे आवश्यक मानले जाऊ लागले आहे.

भारतातील स्थिती : सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निकालात पारलिंगी व्यक्तींच्या लिंगभाव-ओळखीस मान्यता दिली. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी संसदेने 2019 मध्ये केलेला अधिनियम 10 जानेवारी 2020 पासून अंमलात आला. त्यात लिंगानुरूप शस्त्रक्रिया व हॉर्मोन उपचार यांसह वैद्यकीय सेवा उपलब्ध करून देण्यासंबंधी तरतूद करण्यात आली. चेहरा व गळा यांवरील शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी आहेत असे मानून त्यांचा खर्च नाकारण्याची प्रवृत्ती अनेक देशांतील विमाव्यवहारांत आढळते. ज्या उंचवट्यामुळे एखाद्या व्यक्तीला रस्त्याने निर्धास्तपणे चालणे अवघड होते, तो कमी करणे ही चैन की गरज, हा वाद त्यातून निर्माण झाला आहे. खर्चाच्या अडचणीमुळे अपुऱ्या साधनांच्या ठिकाणी, स्वरतंतूंचे स्थान न पाहता ही शस्त्रक्रिया करून घेतली गेल्यास वर वर्णिलेला आवाजाचा धोका वाढतो. या कारणास्तव स्वरयंत्राच्या रचनेचा अनुभव असलेला शस्त्रवैद्य, अंतर्दर्शकाची सोय आणि वाचोपचारतज्ञाचे साहाय्य ही तिन्ही जेथे एकत्र मिळतील अशाच ठिकाणी ही शस्त्रक्रिया होणे इष्ट होय.